विसूनानांचा शेजार

विसूनानांचा मला आजही राग येतो. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे, ती मला ठाऊक आहे. पण राग आहे तो आहे. तो लपवूनच लिहायचं असेल तर मग लिहूच नये.

आठवण निघाली ती मीनलमुळे. माझ्या मुलीला पुण्यात नोकरी लागली. एकटीच राहणार, तर कुठल्या भागात खोली घ्यावी हे विचारायला तिने फोन केला. मी माझ्या पद्धतीने तीन भागांची भाडी, ऑफिसपासूनची अंतरं, बसची सोय असं सगळं तिच्याकडून काढून घेतलं आणि त्यातला कुठला भाग परवडेल ते तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, ते सगळं बरोबर आहे. पण शेजारी कसे आहेत ते कसं बघायचं?"

हा प्रश्न तिच्या डोक्यात कुणी घातला ते मला विचारावं लागलं नाही.

१९९९च्या एप्रिलात मी रत्नागिरीला एकटा आलो. इचलकरंजीला ज्या गिरणीत होतो ती बंद पडली होती आणि बरेच महिने घरी बसून काढल्यावर मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, आंब्याचा रस डब्यात भरणाऱ्या एका कारखान्यात हिशेबनिसाची जागा मिळाली होती. वय चाळिशी ओलांडलेलं. त्या वयात नवीन गावात लॉजच्या खोलीत राहणं फार वाईट. सुनंदा, म्हणजे माझी बायको, आणि मीनल इचलकरंजीलाच होत्या. निघताना सुनंदाने स्पष्ट सांगितलं होतं, "जूनच्या आत घर ठरवा. ठरलं तर मी मीनलचा शाळेचा दाखला काढते. नाही ठरलं तर हे वर्ष आम्ही इथंच." तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण गिरणी बंद झाल्यापासून घरातलं बरंच काही सैल झालं होतं. आणखी एक वर्ष दोन ठिकाणी राहिलो तर ते पुन्हा घट्ट होईल याची मला खात्री नव्हती. म्हणजे प्रश्न नुसत्या घराचा नव्हता.

घर कसं निवडायचं हे मी ठरवून आलो होतो. भाडं आणि महिन्याचा जाण्यायेण्याचा खर्च यांची बेरीज पगाराच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाता कामा नये. मुलीची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर हवी. मे महिन्यात पाणी हवं. इतकं जुळलं की झालं. यात न समजण्यासारखं काय आहे? पण मध्ये विसूनाना आले.

विसूनाना आमच्याकडे माल रवाना करण्याच्या विभागात कारकून होते. नाव विश्वनाथ, पण वॉचमनपासून मालकांपर्यंत सगळ्यांचे विसूनाना. उंच, मानेत किंचित वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. त्यातलं एक पेन लिहायचंच नाही. ते उसनं मागणाऱ्यासाठी ठेवलेलं असे. "मागणारा दोनदा घासून बघतो आणि परत देतो. भांडण नाही, काही नाही," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. बायको वारलेली, मुलगी गुहागरला दिलेली. स्वतःचं जेवण स्वतः करत आणि डब्यात रोज एक पदार्थ जास्तीचा आणून तो कुणाला तरी बळेच खायला लावत.

ट्रक सुटताना ते ड्रायव्हरला विचारायचे, "जेवलास काय? बरोबर कोण आहे? रात्रीचा मुक्काम कुणाकडं?" उत्तर पटेपर्यंत चलनावर सही नाही. त्यामुळे आमचे ट्रक इतरांपेक्षा हमखास उशिरा सुटत. मी मालकांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "राहू द्या हो. नानांच्या हातून गेलेला ट्रक कधी वाटेत अडकून पडलेला नाही." मी म्हटलं, "दुसऱ्यांच्या हातून गेलेलाही पडलेला नाही." त्यावर मालक नुसते हसले. रत्नागिरीत मी पुढे अशी जी अनेक उत्तरं ऐकली त्यातलं हे पहिलं.

मी घर शोधतोय हे कळल्यावर ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"अकौंटंटसाहेब, घर बघताय म्हणे."

"होय."

"एकटे नका बघू. फसाल."

"करार नीट वाचतो मी."

"कराराचं कोण म्हणतंय? घर कसलं बघता, शेजार बघा. घर गळलं तर कौलं परतता येतात. शेजार गळायला लागला तर काय परतणार तुम्ही?"

मी हसलो. तिथेच मला 'नको' म्हणायला हवं होतं, पण नवीन गाव, नवीन माणसं, म्हणून म्हटलं, चला.

पहिलं घर नाचणे गावाच्या बाजूला होतं. दोन खोल्या, फरशी, नळ, भाडं माझ्या बेरजेत बसणारं. मालक किल्ली घेऊन दारात उभे. विसूनाना त्यांच्याकडे न बघता थेट शेजारच्या अंगणात शिरले आणि हाक दिली, "आहे काय हो कोणी घरात? पाणी मिळेल काय जरा?" एका बाईंनी खिडकीच्या गजांतून तांब्या बाहेर काढला. विसूनाना पाणी प्यायले, तांब्या परत दिला आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, "चला."

"कुठं चला? घर बघायचंय की."

"काय बघायचं? गजांतून पाणी दिलंन. दार उघडलंन नाही. कुठचे तुम्ही, काय काम काढलंत, एक शब्द नाही."

"दुपारी दोन परके पुरुष अंगणात शिरले तर कुठली बाई दार उघडेल?"

"माझ्या आळीत उघडतात," विसूनाना म्हणाले आणि चालू लागले. किल्ली घेतलेले गृहस्थ आमच्या पाठमोऱ्या आकृत्यांकडे बघत राहिले. मी परत जाऊन त्यांची माफी मागितली. त्यांनी सरळ सांगितलं, "आधी शेजाऱ्यांकडे जाणारा भाडेकरू मला नको."

दुसरं घर खालच्या भागात होतं आणि ते विसूनानांना फार आवडलं. म्हणजे घर त्यांनी बघितलंच नाही. पाणी मागितल्याबरोबर शेजारच्या आजींनी दार उघडलं, पाण्याबरोबर गुळाचा खडा दिला, पंखा लावला, माझं गाव, माझी जात, माझा पगार, बायकोचं माहेर आणि एकच मुलगी का हे सगळं विचारलं आणि वर खरवस खायला घातला. विसूनाना खूश. "बघितलंत? याला म्हणतात शेजार." मग मी घर बघितलं. एकच खोली, भिंतीला ओल, आणि संडास परसात, माडांच्या पलीकडे. मीनल आठवीत जाणार होती. मी नाही म्हटलं. विसूनाना त्यानंतर दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते, जणू मी त्यांच्या घरचं स्थळ मोडलं होतं.

तिसऱ्या ठिकाणी शेजाऱ्याने पाणी दिलं पण बसा म्हटलं नाही. चौथ्या ठिकाणी शेजारी फार गोड बोलला, म्हणून संशय आला. आणि या सगळ्याची बातमी विसूनाना स्वतःच गावभर करत होते. मी केस कापायला बसलो तर न्हावी आरशातून विचारी, "मिळालं काय घर?" मंडईत बाई कैऱ्या तोलताना म्हणे, "तुम्हीच काय ते घाटावरचे, ज्यांना घर पसंत पडत नाही?" मला! मला तर पहिलंच घर पसंत पडलं होतं.

मे अर्धा झाला तेव्हा मी त्यांना न सांगता एक फ्लॅट ठरवला. मारुती मंदिराजवळ, नवी इमारत, तिसरा मजला, शाळा जवळ, मिरजोळ्याची बस समोर थांबणारी. मालक सज्जन गृहस्थ होते. म्हणाले, "रविवारी या, किल्ली घेऊन जा." मी त्याच संध्याकाळी बूथवरून सुनंदाला फोन केला की दाखला काढ. किती दिवसांनी तिच्या आवाजात मला हसू ऐकू आलं. मुख्याध्यापक सुट्टीतही कामाला येत होते म्हणून तिने तो दुसऱ्याच दिवशी काढला.

रविवारी गेलो तर मालक दारातच गोंधळले. "अहो, तुमचे ते नाना येऊन सांगून गेले ना, तुमचं रद्द झालं म्हणून! मी कालच दुसऱ्यांना दिलं."

मी विसूनानांना सोमवारी गोदामात गाठलं. इतर माणसं होती, तरी मला आवाज खाली ठेवता आला नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं तिथं जायला?"

"न्हाव्याकडं कळलं, तुम्ही तिथं ठरवलंत. तीन मजले चढलो हो. सहा दारं वाजवली. एक उघडलं नाही. एका दारामागं टीव्ही चालू होता, तो बंद झाला, पण दार नाही उघडलंन."

"म्हणून तुम्ही माझं घर रद्द केलंत?"

"तुम्ही इथं कारखान्यात. वहिनी तिथं एकट्या. पोर आजारी पडली तर कुणाचं दार वाजवतील त्या?"

"ते माझं मी बघेन! दाखला निघालाय, नाना. तिकडची शाळा सुटली आणि इकडं घर नाही. आता सांगा, मुलीला कुठं बसवू?"

ते हळूच म्हणाले, "मिळेल हो. आपण बघू."

"आपण नाही. मी."

त्या दिवशी मी कारखान्यातून लवकर निघालो आणि ज्या दुकानातून साबण, चहा वगैरे घेत असे त्या वाण्याला विचारलं. तो म्हणाला, "आमच्या मागच्या आळीत आबांकडं दोन खोल्या आहेत की. स्वयंपाकघर वेगळं. बघा जाऊन."

आबा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. जाड, उघडे, गळ्यात जानवं, नजर तिखट. "कुठचे तुम्ही?" "इचलकरंजी." "घाटावरचे. म्हणजे भाजीत गूळ नको म्हणणारे. असूदे, बघा." खोल्या स्वच्छ होत्या, संडास घराला लागून, विहिरीला भरपूर पाणी, शाळा जवळ, भाडं बेरजेत. मी मनातल्या मनात सगळं दोनदा तपासलं. कुठेही काही कमी पडत नव्हतं. महिनाभर विसूनानांबरोबर फिरल्याची सवय म्हणा, निघताना सहज विचारलं, "शेजारी कोण?"

आबांचा अडकित्ता थांबला. "डावीकडं कमळाकाकू. उजवीकडं विसू. तुमच्याच कारखान्यात आहे तो."

मला हसूच आलं. ज्याने मला शेजार बघायला गावभर फिरवलं तोच इथला शेजारी! मी जागच्या जागी होकार दिला. त्यानंतर आबांनी सांगितलं, "एक आधीच सांगून ठेवतो. त्याच्याकडं आमचं जाणंयेणं नाही. चुलतभाऊ आहे, पण कोर्टात आहे आमचं."

भांडण गडग्याचं होतं. दोन आवारांमध्ये दगड रचून केलेली गुडघाभर उंचीची भिंत. एका पावसात ती ढासळली. आबांनी पुन्हा रचली. आबा म्हणत, होती तिथेच रचली. विसूनाना म्हणत, हातभर आत सरकवली. त्या हातभरात एक रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड होतं. निकाल लागेपर्यंत त्याची फळं कुणी काढायची नाहीत असं ठरलेलं. त्यामुळे मे महिन्यात पिकलेले लाल रातांबे दोन्ही बाजूंना पडून कुजत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हाही जमीन त्यांच्या रसाने माखलेली होती. घरात आमसुलं मात्र दोघेही बाजारातून विकत आणत. ही गोष्ट मला त्या वेळीही समजली नाही आणि आजही समजत नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी विसूनानांना सांगितलं की आबांकडचं घर घेतलं. कपाची बशी त्यांच्या हातात तशीच राहिली.

"घर चांगलं आहे," ते म्हणाले. "विहीर मेमध्येसुद्धा आटत नाही."

"मग इतके दिवस मला का नाही सांगितलंत?"

"शेजार बरा नाही तिथला."

"तिथले शेजारी तुम्ही आहात, नाना."

"तेंच म्हणतोय."

त्यांनी चहा संपवला, बशी रुमालाने पुसली आणि अगदी सरळ आवाजात म्हणाले, "मग आळीत मी तुमच्याशी बोलणार नाही हां. राग मानू नका. आबाकडं राहणारा तो आबाकडचा. मी गडग्यावरून तुमच्याशी बोललो तर आळी म्हणेल, विसू नरमला. इथं बोलू की. इथं हवं तेवढं बोलू."

मला वाटलं, चार दिवस चालेल. मी चुकलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सुनंदा आणि मीनल सामान घेऊन आल्या. टेम्पोतून सामान उतरत होतं तेव्हा विसूनाना स्वतःच्या ओटीवर आमच्याकडे पाठ करून बसले होते. सुनंदाला मी फोनवर त्यांच्याबद्दल सांगितलं होतं. ती म्हणाली, "हेच का तुमचे नाना? पाठ का केली?" मी म्हटलं, "इथली पद्धत आहे." दुसऱ्या दिवशी कारखान्यात शिरतो न शिरतो तोच हे समोर. "पोचलं काय हो सामान नीट? कपाटाचा पाय मोडला ना? वाईट वाटलं."

"तुमची तर पाठ होती."

"आवाज आला. सागवानी होतं काय?"

हे असं चार वर्षं चाललं. सकाळी आम्ही दोघे एकाच बसला जात असू. आळीतून चालताना ते माझ्या पुढे तरी असत नाहीतर मागे तरी. मी थांबलो तर तेही थांबत. आळी संपून मोठा रस्ता लागला की लगेच बाजूला येऊन, तुटलेलं बोलणं जोडावं तसं सुरू, "तर काय सांगत होतो…" संध्याकाळी उलट. मोठ्या रस्त्यावर वाक्य अर्धं असलं तरी आळीच्या तोंडाशी ते तिथेच टाकून देत. उरलेलं वाक्य मला दुसऱ्या दिवशी मिळे. विहीर दोन्ही घरांची सामाईक होती, तिला दोन बाजूंना दोन रहाट. सुनंदा इकडून पाणी ओढत असली की ते तिकडून ओढत आणि दोघं एकाच पाण्यात बघत असूनही एक शब्द नाही. सुनंदाला पहिल्यांदा याचं हसू यायचं, नंतर चीड यायला लागली. "माणूस वाईट असता तर बरं झालं असतं," ती एकदा म्हणाली. "निदान सोडून तरी दिलं असतं."

एका फेब्रुवारीत मी वसुलीच्या कामासाठी सावर्ड्याला गेलो होतो. आबांच्या घरचे सगळे गुहागरला लग्नाला गेलेले. दुपारी मीनलला एकाएकी ताप चढला आणि ती भलतंसलतं बोलायला लागली. सुनंदा घाबरून अंगणात आली आणि तिने गडग्यावरून हाक मारली, "नाना!" त्या दिवशी त्यांची रजा होती. ते गडग्यापर्यंत धावत आले. तिथे थांबले. मग उलटे फिरून स्वतःच्या बेड्यातून, म्हणजे आवाराच्या फाटकातून, बाहेर पडले, आमच्या दारावरून तसेच पुढे कमळाकाकूंकडे गेले आणि त्यांना आमच्या घरात पाठवलं. कमळाकाकूंचे गुडघे धरलेले, त्या येईपर्यंत सुनंदा एकटीच मुलीला धरून. मग नाना रिक्षा घेऊन आले, पण ती बेड्याबाहेर उभी केली. मुलीला उचलून रिक्षापर्यंत आणलं ते सुनंदाने आणि त्या म्हाताऱ्या बाईने.

दवाखान्यात मात्र विसूनाना आधीच पोचलेले होते. दुसरी रिक्षा करून. तिथे त्यांनी मीनलचं डोकं मांडीवर घेतलं, पट्ट्या ठेवल्या, डॉक्टरांशी बोलले, सुनंदासाठी चहा आणला, मीनल शुद्धीवर आल्यावर तिला म्हणाले, "बाबांना हिशेब देऊ नकोस हां किती ताप होता ते, लगेच सरासरी काढतील." संध्याकाळपर्यंत ते तिथून हलले नाहीत. आणि परत येताना आळीच्या तोंडाशी रिक्षातून उतरले आणि मागे राहिले. मी सावर्ड्याहून एसटीने घरी पोचलो तेव्हा सुनंदाने मला हे सांगितलं. सांगता सांगता ती हसत होती आणि रडतही होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारायच्या आत मीच विचारलं. "नाना, गुडघाभर गडगा आहे. पोर तापाने फणफणलेली. तुम्हाला तो ओलांडता आला नाही?"

"ओलांडला असता तर कोर्टात माझंच अतिक्रमण झालं असतं."

"कोण बघत होतं? आबा गुहागरला होते!"

ते बराच वेळ हातातल्या पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. "पाय उचलला होता हो मी. खरंच."

"मग?"

"मग दुसरा नाही उचलला."

मी आबांशीही बोललो. म्हटलं, एक झाड आहे. अर्धे रातांबे तुमचे, अर्धे त्यांचे, मी स्वतः वाटून देतो, एक फळही इकडचं तिकडे होणार नाही. आबा म्हणाले, "तुम्ही भाडेकरू आहात. पंच नव्हे." पुन्हा तो विषय काढायची सोय राहिली नाही. दोन्ही बाजूंनी इतक्या वर्षांत वकिलांच्या दारात जे घातलं त्यात रातांब्याची बाग उभी राहिली असती. मी हे दोघांनाही सांगितलं. दोघांनीही सारखीच मान हलवून "खरं आहे" म्हटलं. चेहरेसुद्धा सारखे. चुलतभाऊच ते.

२००३ साली विसूनाना निवृत्त झाले. कारखान्यात छोटा समारंभ झाला. शाल, नारळ, मालकांचं भाषण. विसूनाना बोलायला उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "ट्रक सोडताना माणसाला विचारत जा." मग फाटकाशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "अकौंटंटसाहेब, आता बोलायचं कुठं हो आपण?"

मला संताप आला. "तुमची ओटी आणि माझी ओटी, मध्ये पंधरा पावलं नाहीत. तिथं बोला!"

"तें खरं," ते म्हणाले. आणि तरीही संध्याकाळी ओटीवर पाठ करूनच बसले.

त्यानंतर आमचं बोलणं जवळजवळ संपलं. कारखाना नाही, बस नाही. कधी मंडईत, कधी पोस्टात गाठ पडली तर तेवढंच. बाकी वेळ गडग्यापलीकडून त्यांचं खोकणं, रहाटाचा आवाज, संध्याकाळी फोडणीचा वास. सुनंदा वाढदिवसाला केलेली बासुंदी त्यांच्यासाठी काढून ठेवायची आणि मग कमळाकाकूंकडून पाठवायची. वाटी घासूनपुसून कमळाकाकूंकडूनच परत यायची, आणि त्यात कधी चार आवळे, कधी फणसाचे गरे. माझ्या पद्धतीने बघितलं तर घर मला सगळ्या बाबतीत योग्य मिळालं होतं. त्यांच्या पद्धतीने बघितलं तर काय मिळालं होतं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही, आणि मुलीला उत्तर देता येत नाही त्याचं कारणही हेच.

२००६मध्ये ते मुलीकडे गुहागरला गेले आणि तिथेच वारले. आम्हाला आबांनीच येऊन सांगितलं. आबांनी दहा दिवस सुतक पाळलं. देवपूजा बंद, गोड नाही, दाढी नाही. भाऊबंदच. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर चांगलं बोललो नसतो.

गुहागरला जायच्या थोडे आधी ते मला मंडईत भेटले होते. बरेच खंगलेले, पण मला बघून खुलले. हात धरून त्यांनी मला तासभर तरी फिरवलं. कारखान्यात कोण आलं, कोण गेलं, मीनलचं कॉलेज कसं चाललंय, सुनंदाची कंबर कशी आहे, हे सगळं विचारलं. मी मूर्ख, मी सगळं सांगत राहिलो, जणू आम्ही शेजारी नव्हतोच. त्यांनी माझ्यासमोर पडवळ घेतलं, घासाघीस केली, पिशवीत घातलं. मग आम्ही एका रिक्षातून परत निघालो. आळीच्या तोंडाशी उतरलो. पावसाळी ढग भरून आले होते.

"चला की आता बरोबरच," मी म्हटलं. "कोण बघतंय, नाना?"

"तुम्ही व्हा पुढं."

"तुम्हाला चालवत नाहीये. पिशवी तरी द्या."

"व्हा हो पुढं. मला जरा भाजी बघायची आहे."

तिथे एक हातगाडी उभी होती. मी रागातच चालू लागलो. आमच्या बेड्यापाशी पोचून मागे बघितलं. विसूनाना हातगाडीला टेकून उभे होते. माझ्याकडे पाठ करून, पिशवीतून पडवळाचं टोक बाहेर आलेलं, आणि ते भाजीवाल्याला पडवळाचा भाव विचारत होते.